मराठवाड्यात जुन्या काचसामानाच्या संग्राहकांचे मंडळ कसे चालवावे

मराठवाड्यातील जुने वाडे आणि गढ्या उतरवल्या जातात तेव्हा सागवानी खांबांना, दरवाजांना आणि पितळी भांड्यांना लगेच गिऱ्हाईक मिळते. काचेच्या हंड्या (म्हणजे छताला टांगायचे दिवे), अत्तराच्या कुप्या, कंदिलाच्या काचा, दौती आणि औषधाच्या बाटल्या मात्र बहुधा भंगाराच्या पोत्यात जातात. जी वस्तू वाचते तीही कोणत्या गावची, कोणत्या घरातली, कशासाठी वापरलेली हे सांगणारे माणूस बरोबर न येता बाजारात पोहोचते. म्हणून या भागात संग्राहकांचे मंडळ काढायचे असेल, तर वस्तू जमवण्याच्या आधी तिची नोंद घेणे हे त्याचे पहिले काम मानावे, आणि बाकीचे सर्व उपक्रम त्या कामाभोवती रचावेत, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवातीला नोंदणीच्या मागे लागू नये. पाच-सात जाणकार आणि तितकेच उत्सुक लोक नियमित भेटू लागले की मंडळ उभे राहते. पुढे बँकेत खाते उघडायचे किंवा प्रदर्शनासाठी देणग्या घ्यायच्या झाल्या, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यान्वये किमान सात सभासदांनिशी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करता येते. सभासद निवडताना केवळ संग्राहकांकडे पाहू नये. छायाचित्रे नीट काढणारा एक, रसायनशास्त्र शिकवणारा एक, आणि उर्दू व मोडी वाचू शकणारा एक तरी सभासद असावा. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानचा कारभार उर्दूत चालत असे. त्यामुळे जुन्या घरांतील पावत्या, याद्या आणि बाटल्यांवरची लेबले वाचणारा माणूस जवळ नसेल, तर अर्धी माहिती डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाही.

मासिक बैठक

बैठकीला प्रत्येक वेळी एकच विषय ठेवावा: एकदा गोटीसोड्याच्या बाटल्या, एकदा कंदिलाच्या काचा, एकदा अत्तराच्या कुप्या आणि गुलाबदाण्या, एकदा हंड्या आणि झुंबराचे सुटे लोलक. सर्वांनी आपापल्या आवडीच्या वस्तू आणल्या की कौतुक होते, पण तुलना होत नाही. एकाच प्रकारच्या दहा वस्तू शेजारी ठेवल्या की नवख्या माणसालाही काचेच्या रंगातला, जाडीतला आणि घडणीतला फरक दिसू लागतो. मेजावर जाड वाकळ अंथरावी आणि तिच्यावर पांढरी चादर टाकावी. हाताळणाऱ्याने अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे. वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कधीही देऊ नये. पहिल्याने ती मेजावर ठेवावी आणि मग दुसऱ्याने उचलावी. कानाला किंवा काठाला धरून काहीही उचलू नये, आणि बूच असलेली कुपी उचलण्याआधी बूच वेगळे काढून ठेवावे.

परीक्षण बुडापासून सुरू करावे. फुंकनळीने घडवलेल्या भांड्याचे तोंड पुरे करताना कारागीर ते बुडाशी लोखंडी सळईवर चिकटवतो. सळई तोडल्यावर तिथे खरबरीत व्रण राहतो किंवा तो घासून गुळगुळीत केलेला वाटोळा खळगा दिसतो. खऱ्या वापराने बुडावर पडलेले चरे वेगवेगळ्या दिशांचे, कमी-अधिक खोलीचे आणि फक्त टेकणाऱ्या कडेवर असतात, तर सँडपेपरने घासून जुनेपणा आणलेल्या वस्तूवर ते एकाच दिशेने ओढलेले आढळतात. पुढे साच्याच्या सांध्याची रेघ पाहावी. बाटलीत ती ओठाच्या खालीच थांबत असेल, तर ओठ हाताने घडवला आहे. ओठावरून आरपार जात असेल, तर बाटली यंत्राने तयार केलेली आहे. अशी यंत्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली. मात्र ही फूटपट्टी भारतीय मालाला जशीच्या तशी लावू नये, कारण फिरोजाबादला काच फुंकण्याचे काम आजही हाताने चालते. काचेतले बुडबुडे पाहून वय ठरवण्याची सवय तर प्रत्येक सभासदाने सोडलीच पाहिजे; नव्या रंगीत हंड्यांतही बुडबुडे भरपूर असतात.

मंडळाच्या खर्चाने एक अतिनील किरणांचा टॉर्च जरूर घ्यावा; ३६५ नॅनोमीटरचा असल्यास उत्तम. अंधाऱ्या खोलीत त्याच्या प्रकाशात युरेनियम मिसळलेली पिवळी-हिरवी काच झगझगीत हिरवी दिसते. ही काच १८३० च्या दशकापासून बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) आणि पुढे इतरत्र तयार झाली. मँगनीज घालून रंग घालवलेली पांढरी काचही हिरवट दिसते, पण ती झाक मंद असते, आणि या दोहोंतील घोटाळ्यातून पुष्कळ चुकीचे सौदे होतात. टॉर्च डोळ्यांवर मारू नये. शिसे घातलेली बिलोरी काच वजनाला जड लागते आणि टिचकीने लांब नाद देते. अशा सुरईत पेय साठवून ठेवू नये, कारण शिसे हळूहळू पेयात उतरते.

खुणांचे वाचन हा बैठकीतला सर्वांत रंगणारा भाग असतो. इंग्रजी मालावर नोंदणीचा क्रमांक असेल तर तो नमुना १८८४ नंतर नोंदवलेला असतो. चेकोस्लोव्हाकियाचे नाव असेल तर वस्तू १९१८ च्या आधीची असू शकत नाही. गोटीसोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध केली. तिच्या अंगावर बहुधा सोडा भरणाऱ्याचे किंवा बाटली तयार करणाऱ्याचे नाव उठवलेले असते, आणि गावोगावच्या सोडा कारखान्यांचा इतिहास लिहायचा झाला तर त्याची सुरुवात याच नावांपासून करावी लागेल. पण मंडळाने सर्वांत जास्त लक्ष देशी कारखान्यांच्या मालाकडे द्यावे, असे मला वाटते. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला; कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील मराठवाड्यातल्या घराघरांत आणि गोठ्यांतही जळत होता. पैसा फंडाच्या आणि फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सच्या इंद्रधनुषी झाक असलेल्या पेल्यांचा परदेशांतले संग्राहक आवर्जून शोध घेतात, आणि आपल्याकडे तेच पेले फडताळाच्या तळाशी पडून असतात.

नोंद

प्रत्येक वस्तूसाठी एक छापील पत्रक असावे. त्यात क्रमांक, मिलिमीटरमध्ये उंची व व्यास, वजन, दिवसाच्या उजेडात दिसणारा रंग, खुणा, आणि टवके, तडे, चरे यांचा नेमका उल्लेख असावा. उठवलेली अक्षरे पुसट असतील तर टॉर्च बाजूने तिरपा धरून छायाचित्र घ्यावे. क्रमांक काचेवर रंगाने किंवा मार्करने लिहू नये; सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधावी. पत्रकाचा उत्तरार्ध मात्र वस्तू देणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे टिपण्यासाठी राखून ठेवावा: ही हंडी कोणत्या सणाला टांगत, ती कोणी आणली, तिच्यात मेणबत्ती लावत की तेल, जोडीतली दुसरी केव्हा फुटली. हे शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहावे, घराचे नाव छापण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी, आणि त्या भेटीत वस्तूच्या किमतीची चर्चा मुळीच करू नये. पैशाची गोष्ट निघाली की आठवणी बदलू लागतात.

इथे एक पथ्य कसोशीने पाळले पाहिजे. तेर आणि पैठण ही सातवाहनकाळातील व्यापारी नगरे होती, आणि तिथल्या जुन्या वस्तीच्या पांढरीच्या मातीत पावसानंतर प्राचीन काचमणी वर येतात. ते मंडळाच्या सभासदांनी उचलू नयेत व विकत घेऊ नयेत. जमिनीतून निघालेल्या मौल्यवान ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय मातीच्या मूळ थरातून सुटलेला मणी अभ्यासाच्या दृष्टीने मुका होतो. ते मणी पाहण्यासाठी तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात सहल काढावी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. सभासदांमधील अदलाबदलीपूर्वी हा कायदा सर्वांना वाचून दाखवावा, आणि प्रत्येक अदलाबदलीची दोघांच्या सहीची चिठ्ठी ठेवावी.

स्वच्छता आणि साठवण

पावसाळ्यातील एक बैठक स्वच्छतेच्या कार्यशाळेसाठी ठेवावी. आपल्याकडे बोअरच्या पाण्यातील क्षार काचेवर पांढरा थर धरतात. सोनेरी नक्षी किंवा मीनाकाम नसलेल्या साध्या काचेवर पाणी मिसळलेले पांढरे व्हिनेगर काही तास ठेवले की तो सुटतो. नंतर शेवटचे धुणे ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने करावे. वाळल्यावरही धूसरपणा राहिला तर काचेचा पृष्ठभागच झिजला आहे असे समजावे आणि घासाघीस थांबवावी. सोनेरी काम असलेली वस्तू केवळ मऊ कोरड्या कुंचल्याने झटकावी. मे महिन्यात तापलेल्या खोलीतील काच एकदम गार पाण्यात घालू नये, आणि धुतलेली काच उन्हात वाळवू नये. तापमानातल्या फरकाने ती तडकते, आणि मँगनीज असलेली पांढरी काच दीर्घकाळ उन्हात राहिल्यास जांभळट होते.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड भागात बसलेले धक्के लक्षात घेता, उघड्या फळीवर काच मांडणे या प्रदेशात योग्य नाही. कपाट भिंतीला पक्के जखडावे, फळीला पुढे पट्टी लावावी, जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवाव्यात, आणि बुडाखाली सहज निघणाऱ्या संग्रहालयीन मेणाचे लहान ठिपके लावावेत.

सहल आणि प्रदर्शन

वर्षातून एकदा हैदराबादला जावे. सालारजंग संग्रहालयात व्हेनिसची, बोहेमियाची, फ्रान्सची आणि इंग्लंडची काच एकाच छताखाली पाहायला मिळते, आणि चौमहल्ला राजवाड्यातील बेल्जियमची झुंबरे पाहिल्यावर आपल्या वाड्यांत सापडणारे सुटे लोलक कशाचे भाग होते हे कळते. निघण्यापूर्वी प्रत्येकाने दोन-तीन प्रश्न लिहून न्यावेत, नाहीतर तिथल्या विपुलतेत दिवस संपून जातो.

प्रदर्शन डिसेंबर-जानेवारीत, शाळेच्या किंवा वाचनालयाच्या सभागृहात भरवावे. चिठ्ठीवर वस्तूच्या नावाबरोबर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत असावे. आपल्या गावाचे नाव वाचून थांबलेला माणूस पुष्कळदा घरी असलेल्या वस्तूची माहिती देतो, म्हणून दाराशी एक सभासद कोरी पत्रके घेऊन बसवावा. वस्तू ताब्यात घेताना आणि परत देताना मालकासमोर नोंदपत्रकातील टवके-तडे एकेक करून ताडून पाहावेत, आणि दोन्ही वेळी त्याची सही घेतल्याशिवाय पेटी बंद करू नये.