सेशनसाठी बास गिटार वाजवताना

मुंबईत गेली सोळा वर्षे मी मराठी-हिंदी गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये बास गिटार वाजवतो आहे. या कामाची चौकशी करायला येणारी मुले बहुधा बोटांच्या वेगाविषयी विचारतात. मला मात्र त्यांना सर्वांत आधी स्वर कुठे थांबवायचा, हे सांगावेसे वाटते.

माझ्या पहिल्या मोठ्या सेशनला गाणे केरवा तालात होते, तबला आधीच रेकॉर्ड झालेला होता आणि त्यावर मला बास डब करायचा होता. अंतऱ्यातली प्रत्येक मोकळी मात्रा मी भरून काढली. दोन टेक झाल्यावर अरेंजर (वाद्यसंयोजक) काचेपलीकडून एवढेच म्हणाले, "अरे, डग्गा ऐक की जरा." तो कान देऊन ऐकला तेव्हा कळले, की डग्ग्याची घुमारी आणि बासचा खर्ज साधारण एकाच भागात वावरतात, आणि ज्या मात्रेवर डग्ग्यावर घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला घुमारा, येतो तिथवर माझा स्वर रेंगाळला, की दोन्हींचा मिळून नुसता गडगडाट होतो. पुढच्या टेकला मी समेवरचा सा वाजवला आणि डाव्या हाताचे बोट तारेवरून न उचलता फक्त सैल केले. घिस्सा येण्याआधी स्वर मिटला आणि तबला एकदम मोकळा झाला. तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास मी क्लिकवर, म्हणजे लय मोजणाऱ्या टिकटिकीवर, एकच स्वर कमी-जास्त लांबीने वाजवतो.

दुसरी गोष्ट पट्टीची. गायिकेने ऐनवेळी "काळी एक करू या" म्हटले, की चार तारांच्या बासवर अडचण होते, कारण काळी एक म्हणजे सी शार्प, आणि त्या पट्टीच्या शुद्ध स्वरांत ई, ए, डी, जी यांपैकी एकही मोकळी, म्हणजे बोट न दाबता वाजणारी, तार बसत नाही. म्हणून प्रत्येक ओळ मोकळ्या तारांचा आधार न घेता बसवून ठेवावी. पाच तारांचा बास परवडत असेल तर जरूर घ्यावा; त्याची बी तार सुमारे ३१ हर्ट्झची असते आणि तिच्या दुसऱ्या पडद्यावर खर्जातला सा मिळतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे तो बेताने वापरावा.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकणे मी अत्यावश्यक मानतो. गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या शाळांत लहानपणीच ते शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे ऑर्केस्ट्रा उभे केले. आर. डी. बर्मन यांच्याकडे बास वाजवणारे टोनी वाझ यांचे काम लक्षपूर्वक ऐकावे. लॉस एंजेलिसच्या कॅरल के मूळच्या गिटारवादक. १९६३ साली एका सेशनला बासवादक आला नाही म्हणून त्यांनी बास हाती घेतला आणि पुढे तेच त्यांचे मुख्य वाद्य झाले. समोर आलेला कागद वाचता येत असला, तरच अशी संधी उपयोगी पडते.

आज बरेचसे बास प्रोग्रॅमर कीबोर्डवरच करतात, आणि आपल्याकडे येणारे कामही अनेकदा घरी रेकॉर्ड करून पाठवायचे असते. अशा वेळी एक ट्रॅक कोणताही इफेक्ट न लावता डीआयमधून, म्हणजे बास थेट रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या डबीतून, घेतलेला द्यावा, आणि अ‍ॅक्टिव्ह बास (आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला) असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी टेकआधीच बदलावी. एका निर्मात्याकडे माझ्या तीन गाण्यांचे मानधन बुडाले, कारण सगळे तोंडीच ठरले होते. आता गाणी किती, दुरुस्त्या किती वेळा आणि पैसे कोणत्या तारखेला, हे मी मेसेजवर लिहून घेतो आणि मगच तारा जुळवायला बसतो.