वीज गेली तर ऑक्सिजनचं काय?

ठाण्यात पावसाळ्यात वीज गेली की हवेतून ऑक्सिजन काढून रुग्णाला देणारं यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटरही बंद, म्हणून घरात भरलेला बी-टाइप सिलेंडर हवाच. त्यात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन मावतो: मिनिटाला 2 लिटरने बारा तास, काटा निम्म्यावर असेल तर सहाच. व्हॉल्व्ह उघडायची किल्ली सिलेंडरलाच दोरीने बांधा. अंधारात नेमकी तीच सापडत नाही. व्हॉल्व्ह सावकाश उघडा. जोडाला तेल किंवा व्हॅसलीन अजिबात नको, पेट घेतं. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येत नसतील तर बहुधा झाकण तिरकं बसलंय. काढून पुन्हा फिरवा. देवघरातली समई, शेगडी किमान दहा फूट लांब. सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, श्वास अडवणारा आजार) असेल तर फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर ते, मनाने वाढवू नका. बहुतेकांना ऑक्सिमीटरवर 88 ते 92 टक्के पुरतं, जास्तीने कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते.