स्टेन्सिलखाली रंग का पसरतो आणि ट्रे पेपरला का चिकटतात

मला चित्र काढता येत नाही हे आधीच सांगून टाकते. शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली होती आणि इंटरमिजिएटला बसायची घाई नको असं चित्रकलेच्या बाईंनी फार प्रेमाने सुचवलं होतं. तरी गेली सहा वर्षं मी एमडीएफचे (म्हणजे दाबून केलेल्या लाकडी बोर्डाचे) ट्रे, करंडे, की-होल्डर, नेमप्लेट असलं सगळं रंगवून विकतेय, आधी अकाउंट्सची नोकरी सांभाळून शनिवार-रविवार आणि आता पूर्णवेळ, आणि दर महिन्याला कोणीतरी मेसेज करतंच की ताई मला पण सुरू करायचंय, काय काय आणू. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं.

तर काय काय आणू याचं उत्तर: फार काही आणू नका. मी पहिल्याच खेपेला पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेले आणि ३२०० रुपयांचा माल घेऊन रिक्षाने घरी आले, त्यात ग्लिटर जेलच्या चार बाटल्या होत्या, त्यातल्या तीन अजून फोडलेल्या नाहीत. सुरुवातीला ॲक्रिलिक रंगांत पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा, बर्न्ट अंबर म्हणजे तो मातकट तपकिरी, आणि एक सोनेरी, बास. पांढऱ्याची मोठी बाटली घ्या, तो सगळ्यात लागतो. ब्रँडवरून डोकं लावू नका, कॅमलिन (दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेली, आपल्या सगळ्यांच्या कंपासपेटीवाली) किंवा फेव्हिक्रिल, जे गल्लीतल्या स्टेशनरीवाल्याकडे मिळेल ते. बाहेरचे महाग रंग नंतर घ्या, तोपर्यंत हात बसलेला असतो आणि फरक कशात आहे हे कळतं तरी. फ्लुरोसंट मात्र अजिबात नको, ते उन्हात उडतात.

मिक्स्ड मीडिया या शब्दाला घाबरू नका. रंगाच्या जोडीला त्याच तुकड्यावर कागद, लेस, सुतळी, आरसे, पुट्टीची नक्षी असं काहीही चिकटवलं की झालं मिक्स्ड मीडिया. हल्ली घराघरात दिसणारं लिप्पन म्हणजे कच्छमधलं भिंतीवरचं माती आणि आरशांचं काम, ते बोर्डावर क्लेने करतात, ते पण यातच आलं.

आता एमडीएफ. हा लाकडाचे बारीक तंतू रेझिनने चिकटवून, दाबून केलेला बोर्ड आहे आणि त्याला पाण्याचं प्रचंड वावडं आहे. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो म्हणून आपण फसतो, पण कडा बिस्किटासारख्या पाणी पितात आणि फुगतात आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. म्हणून आधी २२० नंबरच्या सँडपेपरने (आमचे हार्डवेअरवाले काका पॉलिश पेपर म्हणतात) हलकं घासायचं, कोरड्या फडक्याने धूळ पुसायची, ओल्या नाही, मग कडांना थोडा घट्टच गेसो (रंगाखाली द्यायचं पांढरं अस्तर) किंवा वॉटर-बेस प्राइमर दोन वेळा द्यायचा आणि वरच्या भागाला एकदा पातळ. मधे वाळू द्यायचं. काच असेल, म्हणजे बाटली वगैरे, तर स्पिरिटने पुसून घ्या, बोटांचं तेल राहिलं तर रंग नखाने साल निघावी तसा निघतो.

आणि स्टेन्सिल. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण मला येणाऱ्या दहातले आठ प्रश्न एकच असतात, की ताई स्टेन्सिल उचललं की कडा फाटलेल्या दिसतात, रंग खाली पसरतो, माझं स्टेन्सिल खराब आहे का. स्टेन्सिल खराब नसतं हो. तुम्ही रांगोळीचे छापे वापरलेत ना, ते प्लॅस्टिकचे, लक्ष्मीची पावलं नाहीतर गोपद्मं असलेले? त्यावर आजी चिमूटभर रांगोळी टाकून हलक्या हाताने फिरवायची आणि आपण लहानपणी मूठभर ओतायचो आणि छापा उचलला की पावलाच्या जागी ढीग. हे तेच आहे. रंग कमी लागतो, तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फारच कमी.

मी करते ते असं. बशीत मटारएवढा रंग घ्यायचा. पाणी एक थेंबही नाही, ब्रश आधी धुतला असेल तर तो पूर्ण कोरडा हवा, केसांच्या मुळात पाणी लपून बसतं आणि बरोबर नको तेव्हा खाली उतरतं. गोल, आखूड, ताठ केसांचा ब्रश किंवा मेकअपचा स्पंज घ्यायचा, त्याला रंग लावायचा आणि तो रंग जुन्या वर्तमानपत्रावर गोल गोल फिरवून काढून टाकायचा, इतका की तुम्हाला वाटेल आता यात काही उरलंच नाही. तेव्हा तो स्टेन्सिलवर न्यायचा. स्टेन्सिल मास्किंग टेपने दोन बाजूंनी पक्कं, डाव्या हाताची दोन बोटं नक्षीच्या अगदी जवळ दाबलेली, आणि ब्रश उभा धरून टिपायचं. ओढायचं नाही. ओढलं की केस कडेखाली शिरतात. पहिल्या फेरीत जेमतेम सावली उमटते आणि हात शिवशिवतो अजून रंग घ्यायला, घेऊ नका. दोन मिनिटं थांबा, परत टिपा. तिसऱ्या फेरीत असा भरीव आणि धारदार येतो की स्वतःवरच विश्वास बसत नाही.

एक गंमत लक्षात ठेवा, ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. ओला असताना त्यातला बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, दुधाळ असतो, पाणी उडून गेलं की तो पारदर्शक होतो आणि रंगाचा खरा गडदपणा दिसतो. म्हणून ओल्या रंगावर शेड जुळवायला जाऊ नका, कागदावर एक ठिपका लावून वाळवून बघा. आणि मे महिन्यात पंखा बंद करून काम करा, नाहीतर रंग बशीतच रबर होतो. मी एका पसरट डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग असं ठेवते, झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतो.

विकतची स्टेन्सिल महाग वाटत असतील तर घरी कापा. माझी पहिली चांगली स्टेन्सिल सासऱ्यांच्या गुडघ्याच्या एक्स-रेची आहेत. जुन्या प्रकारची फिल्म ब्लीचच्या पाण्यात ठेवली (हातमोजे घालून, खिडकी उघडून) की काळा थर सुटतो आणि खाली मस्त पारदर्शक, वाकणारा पण न फाटणारा प्लॅस्टिकचा कागद राहतो. नाही सुटला तरी कापायला चालतो, फक्त आरपार दिसत नाही. खाली काचेचा तुकडा ठेवून कटरने कापायचं, आणि वळण आलं की कटर तसाच ठेवून शीट फिरवायची, यातच सगळी मेख आहे. सासरे अजूनही एखादा ट्रे हातात घेऊन विचारतात की यातलं कमळ डाव्या गुडघ्याचं का उजव्या.

मराठी अक्षरांची स्टेन्सिल हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. पहिली नेमप्लेट आली ती "शिवकृपा". मी मोठ्या उत्साहात प्रिंट काढली, कापली, उचलली, आणि व चं पोट, क चं पोट, प च्या मधला भाग सगळे टपाटप खाली पडले. प तसा वरून उघडा वाटतो पण शिरोरेघ आली की तोही बंद. त्यात शिरोरेघ म्हणजे सगळ्या शब्दावरून जाणारी एक लांब फट, त्यामुळे शीट मधोमध लुळी पडते आणि रंग तिथेच आत जातो. आता मी प्रत्येक पोटाला कडेशी जोडणारी दोन-तीन मिलिमीटरची पट्टी सोडते आणि शिरोरेघ स्टेन्सिलमध्ये कापतच नाही, अक्षरं वाळली की वर-खाली मास्किंग टेप लावून रेघ वेगळी मारते आणि पट्ट्यांच्या जागा बारीक ब्रशने भरते. इंग्रजी नेमप्लेटपेक्षा दुप्पट वेळ जातो, तेवढे पैसे लावा.

टेक्स्चर पेस्ट विकत आणायची गरज सुरुवातीला नाही. दोन भाग वॉल पुट्टी, एक भाग फेव्हिकॉल, थोडासा पांढरा ॲक्रिलिक, श्रीखंडाएवढं घट्ट झालं पाहिजे. पुट्टी ओतताना तोंडाला मास्क बांधा. स्टेन्सिलवर जुन्या एटीएम कार्डाने एकाच दिशेने ओढायचं आणि स्टेन्सिल सरळ वर उचलायचं, तिरकं नाही. थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेला की तडे जातात. स्टेन्सिल लगेच धुवायचं, पण बेसिनमध्ये नको, बादलीत. आमच्या किचनच्या पाइपात पुट्टी जमून बसली तेव्हा प्लंबरने जे बिल लावलं त्यात मला पाच वर्षांची रेडीमेड पेस्ट आली असती. बादलीतला गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ कचऱ्यात.

बरं, तडे मुद्दाम हवे असतील तर तेही फेव्हिकॉलनेच जमतं. खाली गडद रंग, तो पूर्ण वाळला की वर फेव्हिकॉलचा जाडसर थर, तो बोटाला चिकचिक लागेल इतपत वाळला की वरून फिका रंग, भरलेल्या ब्रशने एकाच फटक्यात. परत त्याच जागी ब्रश फिरवला की संपलं, सगळा लगदा होतो. दहा मिनिटांत तुमच्या डोळ्यांसमोर रंग फाटायला लागतो, जुन्या वाड्याच्या दारासारखा, आणि हे बघायला मला अजूनही मजा येते, मी चहा घेऊन समोर बसते. पेपर नॅपकिन चिकटवायचा असेल तर त्याचे पापुद्रे सोडवून फक्त वरचा छापील पापुद्रा घ्या, सगळे पापुद्रे ठेवले तर बुडबुडे येणारच.

वारलीचं तयार स्टेन्सिल घेऊ का असं खूप जण विचारतात. माझं वैयक्तिक मत, मी घेत नाही. तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने भिंतीवर काढलेल्या त्या माणसांत जी हालचाल असते ती छाप्यात मरते, सगळे एकाच साच्यातले उभे राहतात. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं एकदा नीट बघा आणि मग ठरवा. वारलीच हवी असेल तर वारली कलाकाराकडून घ्या, आपण आपली फुलं, जाळ्या, पैठणीचे मोर करावेत.

आता पेपरला चिकटलेले ट्रे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ६० छोट्या ट्रेंची ऑर्डर होती, तेव्हा माझी सगळ्यात मोठी. जानेवारीची थंडी, रात्री अकराला मी व्हार्निशचा दुसरा हात मारला, तोही जाड, कारण चमक हवी होती, आणि सकाळी हाताला कोरडं लागलं म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून एकावर एक रचून दिले. दुपारी फोन. "अगं, ट्रेवर बातम्या छापल्यात का तू?" प्रत्येक ट्रेच्या मागे-पुढे मराठी मजकूर, उलटा, व्यवस्थित वाचता येईल असा. वरून कोरडं लागलं तरी आतला थर कच्चा असतो, थंडीत आणि पावसाळ्यात तर फारच, आणि वजन पडलं की तो जे मिळेल त्याला चिकटतो. त्या काकू भल्या, त्यांनी दोन दिवस दिले, मी ऑफिसला दांडी मारून सगळे घासून परत केले, त्या ऑर्डरमध्ये मला एक रुपयाही सुटला नाही. आता व्हार्निशचे तीन पातळ हात, प्रत्येक हातामध्ये निदान चार तास, आणि शेवटच्या हातानंतर पाच-सहा दिवस उभे करून ठेवते, पॅकिंगला मधे बटर पेपर. भर पावसात बाहेर धो धो चालू असताना तर मी व्हार्निशला हातच लावत नाही, ते पांढुरकं पडतं. आणि ट्रेमध्ये थेट खायचं ठेवू नका असं गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा, वर चिठ्ठी पण टाका, तरी कोणीतरी त्यात भजी ठेवतंच.

पैशाचं थोडक्यात. बारा बाय आठ इंचांच्या ट्रेला माझा बोर्ड १४० चा, रंग-व्हार्निश-पुट्टी मिळून साधारण ६०, पॅकिंग ४०, झाले २४०. सुरुवातीला मी तो ३५० ला द्यायचे आणि वाटायचं ११० सुटले. हाताचं खरं काम अडीच तास होतं, म्हणजे तासाला ४४ रुपये, अकाउंट्सवालीला हे कळायला दीड वर्ष लागलं यावर माझा नवरा अजून हसतो. साहित्याचा खर्च गुणिले तीन म्हणजे किंमत हा सगळे सांगतात तो हिशोब मला पटत नाही, त्यात नेमप्लेटसारखं कमी साहित्याचं आणि जास्त वेळाचं काम मार खातं. तुमच्या तासाचा दर ठरवा, तो लावा. आणि वेळ वाचवायचा असेल तर एकावेळी एक तुकडा करू नका, सहा घ्या, पहिल्यापासून सुरू करून सहावा होईपर्यंत पहिला वाळलेला असतो.

दुकानात "ठेवून जा, विकलं की पैसे देऊ" असं कोणी म्हटलं तर लेखी घ्या. माझे १४ नग एका दुकानात आठ महिने काचेत उन्हात पडून होते, परत आले तेव्हा गुलाबी फुलं सायीच्या रंगाची झाली होती आणि दोन नग कमीच, विचारलं तर म्हणे असेच दिले होते तुम्ही.

या आठवड्यात करून बघायचं असेल तर बिस्किटाच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण घ्या, त्याला पांढरा हात द्या, वाळू द्या आणि रांगोळीचाच एखादा जाड छापा घेऊन त्यावर दहा वेळा कोरड्या स्पंजने टिपा. पहिले सहा-सात घाण येतील. ते झाकण टाकू नका, माझं कपाटात आहे, त्यावर मी अजून ब्रश पुसते.