समुद्रापासून २०० मीटरच्या आत जुनं घर दुरुस्त करायचं तर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घराचं निम्मं छप्पर गेलं. कौलं वाडीत विखुरली, सुपारी आडवी झाली, मागची पडवी वाशांसकट बसली. पंचनामा झाला, आणि त्यानंतर जो तो एकच सांगायला लागला: ‘सीआरझेड आहे, आता वीटसुद्धा लावता येणार नाही.’ सीआरझेड म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणारा केंद्र सरकारचा नियम. एका कार्यालयातही तोंडी हेच ऐकलं. मी विश्वास ठेवला आणि आठ महिने आईला ताडपत्रीखाली ठेवलं. त्या आठ महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण सांगितलं गेलं ते खरं नव्हतं.

आधी अंतर पक्कं करा. ते पाण्यापासून मोजायचं नसतं, उच्चतम भरती रेषेपासून, म्हणजे मोठ्या भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथून, मोजायचं असतं. ही रेषा किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आखलेली असते. मी सुरूच्या रांगेपासून टेप लावला, ती मेहनत वाया गेली. भूमी अभिलेखमधून गट नकाशा काढा आणि तुमचा गट आराखड्याच्या नकाशावर कुठे येतो ते बघा. घर खाडीकाठी असेल तर अंतराचा हिशेब वेगळा असतो. नकाशा सीआरझेडच्या २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे केलाय की २०१९ च्या, हेही विचारून घ्या. २०१९ च्या नियमात दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांना ना-विकास क्षेत्राची, म्हणजे नवं बांधकाम सहसा चालत नाही अशा पट्ट्याची, ५० मीटरची मर्यादा आहे, त्याहून विरळ गावांना २०० मीटरचीच. ५० मीटरची सवलतसुद्धा त्या अधिसूचनेप्रमाणे केलेला आराखडा मंजूर झाला असेल तरच मिळते.

आता मुख्य गोष्ट. २०० मीटरच्या आतल्या ना-विकास क्षेत्रातही जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते. जोतं, चटईक्षेत्र आणि घनता आधी होती त्यापेक्षा वाढता कामा नये, एवढंच. छप्पर बदला, चिरे नव्याने लावा, पण जोत्याबाहेर पाऊल टाकू नका. आईसाठी मला घराला लागून संडास-न्हाणी बांधायची होती. ४ बाय ५ फूटच, पण जोत्याबाहेर. तिची परवानगी मिळाली नाही. शेवटी मागच्या पडवीचा कोपरा भिंत घालून वेगळा केला आणि तिथे बसवली. पडवी लहान झाली, आईची सोय झाली.

‘अधिकृत’ या शब्दावर सगळं अडतं. पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची आहे. घर त्याआधीपासून उभं असल्याचा कागद हातात असेल तर निम्मं काम झालं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा जुना असेसमेंट उतारा मागा. आमच्या पंचायतीत कपाटाच्या तळाशी वाळवी लागलेलं एक रजिस्टर निघालं, त्यात आजोबांच्या नावापुढे निळ्या शाईत ‘कौलारू घर, पडवीसह’ असं लिहिलेलं होतं. ‘पडवीसह’ हा शब्द नसता तर पडवीची जागा जोत्यात धरली गेली नसती. म्हणून उतारा घेताना घराचं वर्णन आणि मापं पूर्ण उतरवून घ्या, नुसत्या नावावर समाधान मानू नका. सोबत सातबारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, जुनं वीजबिल आणि पंचनाम्याची प्रत जोडा.

अर्ज लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी नकाराला मान्यता नाही हे मी उशिरा शिकलो. उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात विचारा: माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, कुठल्या नियमाखाली तो थांबवलाय? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला दोन महिने जो कागद हलत नव्हता तो या अर्जानंतर हलला. २०१९ च्या अधिसूचनेत स्वतः राहण्यासाठीच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाकडेच दिलाय, राज्याच्या किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. तुमच्या गावाला ती अधिसूचना लागू झाली असेल तर अर्जात तसा स्पष्ट उल्लेख करा.

नियम जाचक आहे का, असं मला बरेच जण विचारतात. २०० मीटरची रेषा मला जाचक वाटत नाही. वादळाच्या दिवशी आमच्या समोर केवड्याचं बेट आणि वाळूची टेकडी शाबूत होती. दोन घरं पलीकडे समुद्र दिसावा म्हणून टेकडी सपाट केली होती, त्यांच्या स्वयंपाकघरात गुडघाभर वाळू मी स्वतः घमेल्याने उपसलीय. टेकड्या आणि तिवरं तर सगळ्यात कडक वर्गात येतात, दुरुस्तीच्या नावाखालीही त्यांना हात लावू नका. जाच आहे तो दुसरीकडे. नियम मराठीत, गावाच्या नकाशासकट, पंचायतीच्या भिंतीवर लागलेला नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते, तिच्यात किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी हवेत असं अधिसूचनाच सांगते. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत ते शोधा आणि त्यांना भेटा. आमच्या गावात ते कुणालाच माहीत नव्हते.

परवानगी हातात आली की लगेच पाडायला घेऊ नका. चारही बाजूंनी जोत्याचे फोटो काढा, टेप चिऱ्यावर धरून, आकडा वाचता येईल असे. दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन मोजमापाचा कागद करा आणि त्याची एक प्रत पंचायतीत द्या. गवंड्याला जोत्याच्या कडेने सुतळी बांधून दाखवा. आमच्या गवंड्याने पायरीसाठी दीड फूट पुढे खणलं होतं, ते मी त्याच संध्याकाळी बुजवून घेतलं. पुढे तपासणीला आलेल्या माणसाने पहिला टेप तिथेच लावला.