स्काडा उडालं की आधी फाइली उचला, मग रिस्टार्ट
रात्रपाळीला स्काडा, म्हणजे प्लांटवर नजर ठेवायचं पीसीवरचं सॉफ्टवेअर, हँग झालं की हात आपोआप एंड टास्ककडे जातो, पण प्लांट पीएलसीवर (मशीनं चालवणाऱ्या कंट्रोलरवर) नीट चाललाय ना एवढं बघा आणि दोन मिनिटं थांबा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये त्या प्रोसेसवर राइट क्लिक करून क्रिएट डम्प फाइल करा, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची कॉपी निघते, ती टेम्प फोल्डरमध्ये पडते, लगेच उचलून ठेवा. आपोआप बंदच पडलं असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉगला इव्हेंट १००० शोधा, कुठल्या डीएलएलमध्ये (प्रोग्रॅमच्या जोडफाइलमध्ये) उडालं ते तिथं दिसतं, आणि स्क्रीनचा मोबाइलवर फोटो नको, सगळा लॉग इव्हीटीएक्स (इव्हेंट लॉगची फाइल) म्हणून सेव्ह करा कारण जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. पेन ड्राइव्ह मात्र स्कॅन केलेलाच लावा हां. अलार्म लॉग अन् नेमकी वेळपण तपासणाऱ्याला सोबत द्या, पीसी आणि पीएलसीच्या घड्याळात फरक असेल तर तोही.