वादळाचा इशारा मिळाला, तरी माणसं का निघत नाहीत? या चुका टाळा

१२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री भोला चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळलं. त्यात तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. नंतरच्या पाहणीत जे दिसलं ते मला या आकड्याहून जास्त अस्वस्थ करतं. वादळ येतंय हे बहुतेकांना ठाऊक होतं, पण पक्क्या इमारतीत आसऱ्याला गेलेले अगदी थोडे होते. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही कदाचित घरीच थांबलो असतो. म्हणून खालच्या चुका कुणाला नावं ठेवायला लिहिलेल्या नाहीत.

‘अजून थोडं बघू’

इशारा ऐकला की माणूस आधी खात्री करतो. शेजाऱ्याला विचारतो, आभाळाकडे बघतो, फोन चाळतो. २२ मे २०११ला अमेरिकेतल्या जॉपलिन शहरात टोर्नेडो, म्हणजे सोंडेसारखं गरगरतं वादळ, आला, दीडशेहून अधिक लोक दगावले. इशाऱ्याच्या पहिल्या भोंग्यानंतर बरेच जण लगेच आडोशाला गेले नाहीत. दुसरी काही खूण दिसण्याची वाट बघत राहिले, असं तिथल्या हवामान खात्याच्या अहवालात नोंदलं आहे. भोंगे एरवीही वाजायचे, म्हणून त्यांची धास्ती उरली नव्हती. टोर्नेडोत हाताशी काही मिनिटं असतात, चक्रीवादळात एक-दोन दिवस. तरी घोळ तोच.

उपाय एकच: निघायचं की नाही हे वादळाच्या दिवशी ठरवू नका. कुठल्या पातळीचा इशारा आला की निघायचं, हे घरात आधीच पक्कं करून ठेवा. मग त्या दिवशी चर्चा नको, पिशवी उचलायची आणि चालू लागायचं.

वाऱ्याचा आकडा बघायचा आणि पाणी विसरायचं

चक्रीवादळाचा दर्जा बहुधा वाऱ्याच्या वेगावरून ठरतो. त्यामुळे ‘छप्पर पक्कं आहे, काही होत नाही’ असं वाटतं. पण किनाऱ्यालगत जीव जातात ते मुख्यतः पाण्यानं. वारा समुद्र ढकलत आणतो आणि उधाणाचं पाणी आत घुसतं. नोव्हेंबर २०१३मध्ये हैयान वादळ फिलिपिन्सवर आलं तेव्हा तिथल्या टॅक्लोबान शहरातल्या लोकांना ‘स्टॉर्म सर्ज’चा, म्हणजे याच उधाणाच्या पाण्याचा, इशारा मिळाला होता. तो शब्दच अनेकांना उमगला नाही. ‘त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो’, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. त्या वादळात देशभर किमान ६,३०० बळी गेले.

दुसरी गफलत नकाशाची. वादळाच्या मार्गाचा जो शंकू दाखवतात तो वादळाचा मधला भाग कुठून जाईल याचा अंदाज असतो. आपलं गाव त्याच्या बाहेर आहे म्हणजे आपण धोक्याबाहेर, असा त्याचा अर्थ नाही.

गोठ्याचा विचार शेवटी

गावात माणूस घरासाठी थांबत नाही एवढा गोठ्यासाठी थांबतो. ज्याचं पोट दोन म्हशींवर आहे त्याला ‘जनावरं सोडा, जीव वाचवा’ म्हणणं सोपं, पण तो ऐकणार नाही. आणि त्याचं चुकतं असंही मला वाटत नाही. चूक आहे ती वेळेची.

भिजलेल्या दाव्याची गाठ कधी सोडवून बघितली आहे? काथ्याचा दोर पाण्यानं फुगलेला असतो. जनावर बिथरून मागं ओढतं आणि गाठ आणखी आवळते. वीज गेलेली, बोटं गारठलेली, पाणी पोटऱ्यांपर्यंत आलेलं. त्या एका गाठीपायी माणूस गोठ्यात अडकून राहतो. म्हणून सारं कोरडं असतानाच, दिवसाउजेडी, जनावरं उंचावर हलवा. ते जमत नसेल तर निदान मोकळी सोडा; बांधून किंवा गोठ्यात कोंडून ठेवू नका, पाणी चढलं की जनावरं आपसूक वर सरकायला बघतात. वादळाच्या हंगामात एका ओढीत सुटेल अशीच गाठ मारा आणि खुंट्याजवळ कोयता ठेवा.

१९७०नंतर बांगलादेशात मातीचे उंच भराव घालून जनावरांसाठी जागा केल्या गेल्या. त्यांना तिथे ‘किल्ला’ म्हणतात. गाय सुरक्षित आहे हे कळलं की धनी निघतो. गावाच्या आराखड्यात जनावरांची जागा नसेल तर तो आराखडा अर्धाच आहे.

निर्णय एकाच्याच हातात

बांगलादेशातच १९९१च्या वादळात सुमारे १ लाख ४० हजार बळी गेले, त्यात बायकांचं प्रमाण फार मोठं होतं. घरचा पुरुष येईपर्यंत थांबणं, निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी सोय नसणं, ही त्यामागची काही कारणं. तेव्हा घरात हजर असलेल्या कोणत्याही मोठ्या माणसाला ‘निघा’ म्हणायची मोकळीक असावी, आणि ती आधीच बोलून ठेवलेली असावी.

उशिरा निघून पाण्यातून वाट काढणं

वाहतं पाणी जेमतेम १५ सेंटीमीटर असलं तरी धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो. ३० सेंटीमीटरमध्ये छोटी गाडी वाहते, ६० मध्ये बहुतेक गाड्या. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय, हे वरून कळत नाही. निवाऱ्यापर्यंतची वाट एकदा रात्री, घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला घेऊन चालून बघा. दिवसा वीस मिनिटांची वाट तासाची होते, आणि निघायची वेळ या तासावरून मोजायची असते.

इशारा देणाऱ्यांनीही चुकू नये

‘नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्यानं कुणी उठत नाही. पाणी कुठवर येईल, कुणी निघायचं, कुठे जायचं, किती वाजेपर्यंत, एवढं सांगा. ‘ओढ्याच्या खालच्या अंगाच्या सगळ्या घरांनी चारच्या आत शाळेत या’ हे म्हातारीलाही कळतं.

फक्त फोनवर विसंबू नका. टॉवर पडतात, बॅटऱ्या संपतात. बॅटरीवरचा रेडिओ आणि दारोदार जाणारी माणसं लागतातच. बांगलादेशचा १९७२पासूनचा स्वयंसेवकांचा उपक्रम याच पायावर उभा आहे. धोका वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे चढतात, आणि वाचता न येणाराही ते मोजू शकतो.

वादळ वळून गेलं तर लोकांना तसं सांगा, ते का वळलं हेही सांगा. नाहीतर पुढच्या वेळी ‘लांडगा आला रे’ होतं.

शांत झालं म्हणून बाहेर पडणं

वारा अचानक पडला, आभाळ निवळलं, तर तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेनं तितक्याच जोरानं येतो. अधिकृत निरोप येईपर्यंत निवारा सोडू नका. परतताना पडलेल्या तारेला मेलेली समजू नका, साचलेल्या पाण्यात टेकलेल्या तारेला तर मुळीच नाही. आणि वीज नाही म्हणून जनरेटर घरात किंवा पडवीत लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, वादळातून वाचलेली माणसं त्यानं झोपेतच दगावली आहेत. तो उघड्यावर, दारा-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब ठेवा.