पावसाळ्यात घुंगरू हिरवे पडू नयेत म्हणून

कोकणात पावसाळा लागला की नवे कोरे घुंगरूही बघता बघता हिरवट पडतात. दमट हवा असतेच, पण खरी खोड घामाची. सुती दोरी घाम शोषते आणि क्लासहून येताना ती तशीच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली जाते.

तत्कार (कथकमधलं पायांचं काम) संपला की घुंगरू सोडून कोरड्या फडक्याने पुसा. घरी दोरी पूर्ण उलगडून पंख्याखाली दांडीवर तासभर टांगा, मग सुती पिशवीत ठेवा.

कळंक आलाच तर भिजवलेलं आमसूल बोटाने फक्त पितळेवर चोळा, ओल्या फडक्याने टिपून लगेच कोरडं करा.

पाण्यात मात्र बुडवू नका. आतली लोखंडी गोळी गंजून चिकटते आणि घुंगरू मुका होतो.